व्यवसायांवरचा प्रशासकीय भार: अनेक देशांनी मिळून मोजायचा कसा, घटवायचा कसा

सरकारला द्यावी लागणारी, जपून ठेवावी लागणारी किंवा मागितल्यावर दाखवावी लागणारी माहिती तयार करण्यात व्यवसायाचा जो वेळ आणि पैसा जातो, तो प्रशासकीय भार. कर त्यात धरत नाहीत, कराचे विवरणपत्र भरण्याचा खटाटोप धरतात. धुराड्यावर बसवलेल्या गाळणीची किंमत धरत नाहीत, त्या धुराच्या मोजमापाची नोंदवही धरतात. मालावर छापायची सक्तीची माहिती, तपासनीस आला की त्याच्यासोबत घालवलेले दोन तास, परवान्याचे नूतनीकरण, अपघाताची सूचना हे सगळे याच खात्यात जमा होते. ही सीमारेषा पहिल्याच दिवशी कागदावर आली नाही, तर पुढचे सगळे आकडे वादात सापडतात.

हे काम देशोदेशींनी मिळून करण्याची गरज पडते, कारण आजचे बरेच नियम एका देशात जन्मतच नाहीत. युरोपीय संघाचा निर्देश, आंतरराष्ट्रीय लेखामानके, सीमाशुल्काचे करार हे वरून येतात आणि प्रत्येक देश त्यांना आपापल्या नमुन्यात, आपापल्या मुदतीत, आपापल्या खात्यामार्फत लागू करतो. एकाच नियमाचा भार दोन शेजाऱ्यांकडे वेगळा निघाला, तर तो फरक कुठून आला हे शोधता येते. ते शोधणे हाच सहकार्याचा खरा लाभ आहे. देशांच्या एकूण आकड्यांची क्रमवारी लावणे याच्या तुलनेत निरुपयोगी, आणि बऱ्याचदा घातक.

पद्धत मूळची नेदरलँड्समधली. तिथे २००२ हे आधारवर्ष धरून सर्व मंत्रालयांच्या नियमांची मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे १६.४ अब्ज युरो, म्हणजे देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ३.६ टक्क्यांच्या आसपास. २००७पर्यंत त्यातला चौथा हिस्सा कमी करायचे ठरले. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, ब्रिटन अशा देशांनी हीच रीत उचलली. २००३मध्ये अशा देशांचे एक अनौपचारिक जाळे उभे राहिले आणि त्याने पुढे समाईक हस्तपुस्तिका तयार केली. मोजणीच्या या रीतीला प्रमाणित खर्च प्रारूप म्हणतात. युरोपीय संघाने २००७मध्ये २०१२पर्यंत २५ टक्के कपातीचे लक्ष्य घेतले तेही याच प्रारूपाच्या एका आवृत्तीवर. २०२३मध्ये संघाने अहवाल देण्याच्या बंधनांसाठी पुन्हा २५ टक्क्यांचे लक्ष्य जाहीर केले आणि पुढे लहान-मध्यम व्यवसायांसाठी ते ३५ टक्क्यांवर नेले. लक्ष्याचा आकडा फिरून फिरून २५ वरच येतो, यामागे कुठले शास्त्र नाही. नेदरलँड्सला जमले, म्हणून बाकीच्यांनीही तोच धरला.

सूत्र

सूत्र साधे आहे: भार म्हणजे एका वेळचा खर्च गुणिले वर्षातल्या वेळा. एका वेळचा खर्च म्हणजे लागलेला वेळ गुणिले तासाचा दर, आणि बाहेरच्या सल्लागाराला दिलेली फी असेल तर तीही. वर्षातल्या वेळा म्हणजे बंधन लागू असलेल्या व्यवसायांची संख्या गुणिले वारंवारता.

समजा, ४०,००० व्यवसायांना दर तिमाहीला मनुष्यबळाचे विवरणपत्र भरावे लागते. म्हणजे वर्षाला १,६०,००० विवरणपत्रे. मुलाखतींतून असे दिसले की व्यवस्थापक सूचना वाचायला १० मिनिटे आणि तपासून मंजुरी द्यायला १० मिनिटे घेतो. कारकुनाला आकडे गोळा करायला ५५, अर्ज भरायला २५ आणि पाठवून प्रत जपायला १० मिनिटे लागतात. कारकुनाचे वेतन तासाला १९.२० युरो आणि व्यवस्थापकाचे ३६ युरो. त्यावर जागा, वीज, संगणक अशा वरखर्चाचे २५ टक्के चढवले की दर होतात २४ आणि ४५. कारकुनाच्या ९० मिनिटांचे ३६ युरो, व्यवस्थापकाच्या २० मिनिटांचे १५. एका विवरणपत्राचा खर्च ५१ युरो, वर्षाचा ८१.६ लाख युरो.

हा झाला प्रशासकीय खर्च. भार काढायचा तर त्यातून तशीही होणारी कामे वजा करावी लागतात. आकडे गोळा करण्याच्या ५५ मिनिटांपैकी ३५ मिनिटे पगारपत्रक जुळवण्यात जात असतील, तर ते काम कायदा नसता तरी झालेच असते. त्या ३५ मिनिटांचे १४ युरो वजा केले की एका विवरणपत्राचा भार ३७ युरो आणि वर्षाचा ५९.२ लाख उरतो. दोन देशांपैकी एकाने ८१.६ आणि दुसऱ्याने ५९.२ कळवले, तर नियम आणि मेहनत तंतोतंत सारखी असूनही पहिला देश जाचक ठरेल. संयुक्त मोजणीत सर्वाधिक घोळ याच एका वजाबाकीवरून होतो. म्हणून दोन्ही आकडे वेगवेगळ्या रकान्यांत ठेवायचे आणि वजाबाकीचे कारण शेजारी लिहायचे.

पहिली पायरी: विषय लहान घ्या

तीन ते पाच देश आणि एकच विषय, एवढ्यावर सुरुवात करा. मूल्यवर्धित कर, नवा कर्मचारी नेमणे, मालवाहू ट्रक चालवणे, अन्नपदार्थांवरची लेबले यांपैकी काहीही चालेल, फक्त सहभागी देशांत तो व्यवहार खरोखर होत असला पाहिजे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने देशांची तुलना करायची ठरवली तेव्हा रस्त्यावरची मालवाहतूक हे क्षेत्र घेतले, ते याच हिशेबाने. ट्रक सगळीकडे ट्रकच असतो आणि त्याला लागणारे कागद मोजता येतात.

याच वेळी मोजणी कशासाठी हे एका वाक्यात लिहून सर्वांच्या सह्या घ्या. दुसऱ्याचे शहाणपण उचलायचे आहे, वरच्या संस्थेकडे मिळून मागणी न्यायची आहे, की घरच्या कपातीचे लक्ष्य ठरवायचे आहे? पहिल्यासाठी ढोबळ मिनिटेही पुरतात. तिसऱ्यासाठी व्यवसायांच्या संख्येसकट पूर्ण मूळ मोजणी लागते, आणि तिला वर्ष-दीड वर्ष सहज जाते. तिन्ही एकदम करायला निघालेला प्रकल्प बहुधा दुसऱ्या वर्षी निधीअभावी आडवा होतो.

दुसरी पायरी: कायद्याची चिरफाड

निवडलेल्या विषयाचे सगळे कायदे, नियम, अधिसूचना आणि अर्जाचे नमुने समोर घ्या. त्यांतून आधी माहिती देण्याची बंधने वेगळी काढा. ‘दर तिमाहीला विवरणपत्र सादर करावे’ हे एक बंधन. त्याच्या पोटात माहितीचे घटक असतात: कर्मचाऱ्यांची संख्या, एकूण वेतन, कामाचे तास. प्रत्येक घटक मिळवायला काही कामे करावी लागतात: सूचना समजून घेणे, आकडे जमवणे, हिशेब करणे, अर्ज भरणे, आत मंजुरी घेणे, पाठवणे, प्रत जपणे, तपासणीला सामोरे जाणे. बंधन, घटक, काम अशी ही तीन पातळ्यांची उतरंड सर्व देशांनी एकाच नमुन्यात भरायची.

प्रत्येक बंधनाला उगमाचे अक्षर द्या. वरच्या करारातून किंवा संघाच्या नियमातून जसेच्या तसे आलेले असेल तर ‘अ’. ध्येय वरून आले पण अर्ज, मुदत, पद्धत देशाने ठरवली असेल तर ‘ब’. संपूर्ण घरचे असेल तर ‘क’. दिसायला ही किरकोळ कारकुनी आहे, पण पुढची सगळी राजकीय बोलणी या तीन अक्षरांवर उभी असतात. खात्यांचा कल नेहमी ‘अ’ लिहिण्याकडे असतो, कारण मग जबाबदारी वरच्याची. ‘अ’ लिहिणाऱ्याने मूळ करारातले नेमके कलम, पोटकलम आणि शब्द दाखवलेच पाहिजेत असा नियम करा. वरच्या नियमात ‘वर्षातून किमान एकदा’ असेल आणि देशाने ‘दर तिमाहीला’ केले असेल, तर त्या चारपैकी एक वेळ ‘अ’ आणि तीन वेळा ‘ब’. नोंदही तशी फोडूनच करायची.

आणखी एक काळजी. एकच घटक दोन कायद्यांत मागितलेला असतो. कर्मचाऱ्यांची संख्या कर खात्यालाही हवी असते आणि सांख्यिकी खात्यालाही. व्यवसाय ती एकदाच मोजतो आणि दोनदा लिहितो. मोजण्याचा वेळ दोन्हीकडे धरला की भार फुगतो. असे घटक खुणेने जोडून ठेवा. कपातीच्या वेळी हीच यादी सोन्याची ठरते, कारण एकदाच माहिती घेण्याची सोय कुठे करता येईल ते तिच्यातच दिसते.

हे झाले की एक चाचणी घ्या. एकाच कायद्याची दहा-बारा कलमे दोन देशांच्या चमूंना स्वतंत्रपणे फोडायला द्या, एकमेकांशी न बोलता. निकाल शेजारी ठेवले की व्याख्येतल्या फटी लगेच उघड्या पडतात. एकाने सात बंधने काढलेली असतात, दुसऱ्याने अकरा. ‘नोंद ठेवावी आणि मागणीनुसार सादर करावी’ हे एक की दोन, यावर हमखास अडते. दोन धरा. नोंद रोज ठेवली जाते आणि मागणी क्वचित येते, म्हणजे वारंवारताच वेगळी आहे.

तिसरी पायरी: कोणाला विचारायचे

लहान, मध्यम, मोठा एवढे गट पुरत नाहीत. वेळ नेमका कशाने बदलतो ते पाहा. बहुतेक विवरणपत्रांत खरा फरक पडतो तो काम आत होते की बाहेरच्या लेखापालाकडून, आणि नोंदी संगणकात आहेत की वहीत, यावर. त्यानुसार गट पाडा. या पद्धतीत एका गटामागे तीन ते पाच मुलाखती घेतात. एवढ्याने सांख्यिकी अर्थाने नमुना होत नाही आणि अहवालात तसा आव आणायचाही नाही. शोधायचा असतो तो सर्वसाधारण क्षमतेचा व्यवसाय: फार तरबेज नाही, फार गलथानही नाही. तीन मुलाखतींत उत्तरे जवळपास आली तर थांबा, पांगली तर आणखी दोन घ्या. तरीही पांगली तर गटच चुकला आहे असे समजून पुन्हा पाडा.

मुलाखत मालकाची नको, प्रत्यक्ष अर्ज भरणाऱ्याची हवी. मालकाला त्रास आठवतो, मिनिटे आठवत नाहीत. आणि ‘या विवरणपत्राला किती वेळ लागतो?’ असे विचारले की गोल आकडा येतो: अर्धा दिवस, एक दिवस. तेव्हा प्रश्न असे विचारायचे:

‘मागच्या वेळी हे भरलेत तेव्हा सगळ्यात आधी काय उघडलेत?’

‘पगारपत्रक. तीन महिन्यांचे.’

‘ते सरकारला द्यायचे म्हणून काढलेत, की तयारच होते?’

‘तयारच असते. पण कंत्राटी माणसांचे तास त्यात नसतात. ते दुसऱ्या फाईलमधून काढून जोडावे लागतात.’

‘किती माणसे होती? त्या जोडणीत किती वेळ गेला?’

‘चौदा. वीसएक मिनिटे गेली असतील.’

वर हिशेबात धरलेली ५५ मिनिटे अशीच फुटतात: ३५ पगारपत्रकाची, तशीही होणारी, आणि २० कंत्राटी तासांची, निव्वळ सरकारसाठी. शेवटच्या उत्तरात सुधारणेची सूचनाही दडलेली आहे. ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या पगारपत्रकाशी जुळवली, तर ती २० मिनिटे उरतच नाहीत. असे धागे वेगळ्या रकान्यात टिपून ठेवा. अनेकदा अंतिम आकड्यापेक्षा हा रकाना जास्त कामाला येतो.

प्रश्नावलीचे भाषांतर करून झाल्यावर दुसऱ्या माणसाकडून ते मूळ भाषेत उलट फिरवून घ्या. ‘सादर करणे’ म्हणजे एका देशात संकेतस्थळावर चढवणे, दुसऱ्या देशात शिक्क्याची पोच घेऊन येणे. उत्तरातल्या मिनिटांत प्रवास धरला की नाही, हे मग कोणालाच कळत नाही.

चौथी पायरी: आकडे एकसारखे करणे

गटातल्या उत्तरांची सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या, म्हणजे उत्तरे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. पाच जणांनी १५, २०, २०, २५ आणि १८० मिनिटे सांगितली तर मध्यक २०, सरासरी ५२. १८० वाल्याला पुन्हा फोन करा. बहुधा त्याने पहिल्यांदाच भरलेले असते किंवा दुसरेच विवरणपत्र डोक्यात असते. एकदाच येणारा खर्च, उदाहरणार्थ नव्या नियमासाठी घेतलेली संगणकप्रणाली, वार्षिक खर्चात मिसळू नका. तो स्वतंत्र दाखवा.

व्यवसायांच्या संख्येवर जेवढा वेळ द्यावा तेवढा कोणी देत नाही. मुलाखतीतली पाच मिनिटांची चूक आणि नोंदणीपुस्तकातल्या दहा हजार बंद पडलेल्या व्यवसायांची चूक यांत दुसरी कितीतरी भारी पडते. मागच्या वर्षी प्रत्यक्ष किती अर्ज आले, हा आकडा खात्याकडून मिळत असेल तर तोच तपासून घ्या. मात्र प्रमाणित प्रारूपात सगळे नियम पाळतात असे गृहीत धरतात. म्हणजे ४०,००० जणांनी भरायचे आणि ३१,००० जणांनीच भरले, तरी मोजणीत ४०,००० घ्यायचे. तुलनेसाठी हे ठीक आहे, पण कपातीतून व्यवसायांचे नेमके किती पैसे वाचतील हे सांगताना प्रत्यक्षातला आकडाही द्यायला हवा.

पाचवी पायरी: तुलना

इथे पैसा सर्वांत शेवटी आणा. प्रत्येक बंधनाची आधी वारंवारता, मग घटकांची संख्या, मग मिनिटे शेजारी मांडा. वेतन जास्त असलेल्या देशात तीच २० मिनिटे महाग दिसतात आणि विनिमय दर हलला की नियम तसाच राहून क्रम बदलतो. पैशांत तुलना करावीच लागली तर क्रयशक्तीनुसार जुळवलेले दर वापरा आणि तसे तक्त्यावरच लिहा.

मग प्रत्येक फरकाला कारण जोडा. नियमातच जास्त मागितले आहे? नियम सारखा, पण अर्ज किचकट आहे? एकीकडे माहिती आधीच भरून येते आणि दुसरीकडे कोरा कागद येतो? की बंधन लागू होण्याची मर्यादाच वेगळी, एकीकडे दहा कर्मचाऱ्यांपासून आणि दुसरीकडे पहिल्याच कर्मचाऱ्यापासून? कारण सापडले नाही तर मोजणीत चूक आहे असे धरून मागे जा. ही तपासणी दुसऱ्या देशाच्या चमूने करावी. आपल्या आकड्यावर आपण फार लवकर विश्वास ठेवतो.

क्रमवारीचा मोह टाळा. जागतिक बँकेचा व्यवसायसुलभतेचा वार्षिक अहवाल आकड्यांतल्या गैरप्रकारांमुळे २०२१मध्ये कायमचा बंद झाला. क्रमांकाला राजकीय किंमत आली की आकड्यांवर दबाव येतोच. बँकेने २०२४पासून नवा अहवाल सुरू केला आहे, पण त्याचे प्रश्न वेगळे आहेत आणि तो प्रमाणित खर्च प्रारूपाची जागा घेत नाही. बंधननिहाय तक्त्यात मात्र कोणी पहिला नसतो, कोणी शेवटचा नसतो. एका रांगेत तुम्ही पुढे, दुसऱ्या रांगेत शेजारी पुढे, आणि त्यामुळे माहिती लपवण्यासारखे फारसे काही राहत नाही.

सीमेवरच्या कागदांसाठी वेगळी रीत आहे. जागतिक सीमाशुल्क संघटनेची माल सुटण्याच्या वेळेची पाहणी माल दाखल झाल्यापासून सुटेपर्यंतचा काळ टप्प्याटप्प्याने मोजते. २०१७मध्ये अमलात आलेल्या व्यापार सुलभीकरण करारात असा सरासरी वेळ मोजून प्रसिद्ध करायला देशांना प्रोत्साहन दिलेले आहे. तिथे थांबून राहण्याचा काळ महत्त्वाचा असतो. प्रमाणित प्रारूप नेमके तेच मोजत नाही: अर्ज दिल्यानंतर परवान्याची सहा महिने वाट पाहण्यात व्यवसायाचे एकही कामाचे मिनिट जात नाही, म्हणून त्याचा भार शून्य. परवान्यांचा विषय घेतलात तर प्रतीक्षेचा स्वतंत्र रकाना ठेवावाच लागेल.

सहावी पायरी: कपात

बहुतेक मोजण्यांत असे दिसते की थोडीच बंधने बहुतांश भार उचलून असतात. वरची वीस घ्या, बाकीची सोडा. पाचशे बारीक बंधने रद्द करून बातमी होते, भार हलत नाही.

प्रत्येक बंधनाला क्रमाने विचारा. ही माहिती कोण वाचते? कोणीच वाचत नसेल तर बंधन काढून टाका. दुसऱ्या खात्याकडे आहे का? असेल तर तिथून घ्या. सगळ्यांकडून हवी आहे का? नसेल तर मर्यादा वाढवा. इतक्या वेळा हवी आहे का? आणि सर्वांत शेवटी: अर्ज सोपा करता येईल का? खाती नेमकी उलट दिशेने निघतात. आधी अर्ज संकेतस्थळावर नेतात आणि ज्याचा उपयोगच नाही तो अर्ज अधिक देखणा होतो.

वरच्याच उदाहरणात पर्याय तपासू. तिमाहीऐवजी सहामाही केली तर ५९.२ लाखांची निम्मी, म्हणजे २९.६ लाख युरो बचत दिसते. प्रत्यक्षात सहा महिन्यांचे कंत्राटी तास जमवायला जास्त वेळ लागतो. एका विवरणपत्राचा भार ३७ वरून ४३ युरोंवर गेला, तर वर्षाचा भार ३४.४ लाख आणि बचत २४.८ लाख. कंत्राटी तास जमवणे आणि अर्ज भरणे मिळून ४५ मिनिटे जातात. आधीच भरलेला अर्ज देऊन ती १० मिनिटांवर आणली, तर विवरणपत्रामागे १४ युरो, वर्षाला २२.४ लाख वाचतात, मात्र सरकारला प्रणाली उभारावी लागते. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेले २६,००० व्यवसाय वगळले, तर सगळ्यांचा भार सारखा धरून ३८.५ लाखांच्या आसपास बचत होते. त्यात किती आकडेवारी हातची जाते, हे सांख्यिकी खात्याने सांगायचे. तीनही बचती मात्र बेरजेत मांडायच्या नाहीत. वगळलेल्या व्यवसायाचा अर्ज सोपा करून पुन्हा काही वाचत नाही. कपातीच्या अहवालांत ही दुहेरी मोजणी सर्रास असते.

कपात कोणी करायची हे उगमाच्या अक्षराने ठरते. ‘क’ घरी सुटते. ‘ब’ साठी शेजाऱ्याचा अर्ज मागवून घ्या. मूळ नियम पाळूनही त्याचे बारा रकान्यांत भागत असेल, तर आपल्या तीस रकान्यांची बाजू मांडणे खात्याला जड जाते. ‘अ’ साठी सर्वांनी मिळून वर जावे लागते आणि तिथे तीन-चार देशांची सारख्या पद्धतीने केलेली मोजणी एकट्याच्या तक्रारीपेक्षा कितीतरी वजनदार ठरते.

मानके जुळवण्यातूनही बरेच साधते. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलिया या दोघांनी व्यवसायाचे अहवाल एकाच माहितीकोशावर आणले, म्हणजे लेखाप्रणालीतला आकडा एकदा खुणेने बांधला की तो वेगवेगळ्या खात्यांच्या अर्जांत आपोआप बसतो. युरोपात सुरू झालेली पेपॉल ही ई-बीजकांची व्यवस्था सिंगापूर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनेही स्वीकारली. एकदा दिलेली कागदपत्रे दुसऱ्या देशाच्या कार्यालयाला थेट मिळावीत, अशी तांत्रिक व्यवस्था युरोपीय संघाच्या २०१८च्या नियमात आहे. या सगळ्यांत अडते ते तंत्रापाशी नव्हे, शब्दांच्या व्याख्यांपाशी. ‘उलाढाल’ तीन कायद्यांत तीन प्रकारे मोजली जात असेल, तर प्रणाली काहीच करू शकत नाही.

सातवी पायरी: नवा भार अडवणे

एकीकडून काढलेला भार दुसरीकडून परत येतो. म्हणून नव्या नियमाचा मसुदा मंजुरीला जाण्यापूर्वी याच सूत्राने मोजायचा आणि ती मोजणी खात्याबाहेरच्या स्वतंत्र संस्थेने तपासायची. नेदरलँड्सने असे मंडळ २००० साली नेमले, २०१७मध्ये त्याची जागा नव्या मंडळाने घेतली. जर्मनीची नियम नियंत्रण परिषद २००६ची, युरोपीय आयोगाचे छाननी मंडळ २०१५चे. अशा युरोपीय संस्थांचे आपसांतही जाळे आहे आणि त्या एकमेकींचे निकष पाहत असतात. मंडळाला नियमाच्या हेतूवर बोलण्याचा अधिकार नसावा, फक्त भाराच्या हिशेबावर असावा. हेतूवर बोलू लागले की ते राजकारणात ओढले जाते.

नवा नियम आणायचा तर तेवढाच जुना भार काढायचा, ही तऱ्हा ब्रिटनने २०११मध्ये, कॅनडाने २०१२मध्ये आणि जर्मनीने २०१५मध्ये आणली. कॅनडाने २०१५मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. ब्रिटनने २०१३मध्ये प्रमाण एकास दोन केले. देवाणघेवाण नियमांच्या संख्येत नव्हे, मोजलेल्या भारात झाली तरच तिला अर्थ. नाहीतर चाळीस वर्षे कोणी न वापरलेला नियम रद्द करून त्याच्या बदल्यात भला मोठा अहवाल आणता येतो. वरून आलेले नियम या हिशेबातून वगळण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. वगळायचे तर वगळा, पण त्यांचा भार मोजून बाजूला दाखवा.

आकडा उतरला, तरी व्यवसाय नाराज

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाला पाहणीत हेच दिसले: खाती बचत दाखवत होती, पण व्यवसायांना फारसा फरक जाणवत नव्हता. कारणे उघड आहेत. दरवर्षी पाच मिनिटे वाचली तर कोणाच्या लक्षात येत नाही, नव्या नियमाचा एक तास मात्र बोचतो. सल्लागाराचे काम कमी झाले तरी त्याची फी कमी होत नाही. आणि जाच मिनिटांत नसतोच. तीच माहिती तिसऱ्यांदा मागणे, कारण न सांगता अर्ज परत पाठवणे, मुदतीच्या आदल्या रात्री संकेतस्थळ बंद पडणे, यांची मिनिटे थोडी आणि मनस्ताप मोठा असतो. डेन्मार्कने यासाठी अधिकाऱ्यांना थेट व्यवसायांत बसवून चिडवणाऱ्या गोष्टी टिपायला लावले. जर्मनीने २०११मध्ये मोजणीची कक्षा वाढवून नियम पाळण्याचा एकूण खर्च धरला आणि २०१५पासून व्यवसाय सुरू करणे, माणूस नेमणे अशा प्रसंगांवरून समाधानाची पाहणी सुरू केली. संयुक्त प्रकल्पात या पाहणीचे आठ-दहा प्रश्न तेच ठेवले तर जास्तीचा खर्च नगण्य असतो.

मोजणी दरवर्षी नव्याने करू नका. नियम बदलला की तेवढ्याच बंधनाची मिनिटे बदला, व्यवसायांची संख्या आधारवर्षाचीच ठेवा. अर्थव्यवस्था वाढून भरणारे वाढले म्हणून भार वाढल्याचे दिसू नये, आणि मंदीत व्यवसाय बंद पडले म्हणून घटल्याचेही नाही. दर गोठवलेले ठेवा, पाच-सहा वर्षांनी आधारवर्ष बदला आणि त्या एका वर्षाचे आकडे जुन्या-नव्या दोन्ही आधारांवर द्या. सगळ्या देशांची बंधने, मिनिटे, उगमाची अक्षरे आणि वजाबाकीची कारणे एकाच खुल्या तक्त्यात ठेवा आणि प्रत्येक ओळीपुढे ती भरणाऱ्या कार्यालयाचे नाव व तारीख लिहा. माणसांच्या बदल्या होतात, आणि तीन वर्षांनी ‘ही २० मिनिटे कुठून आली?’ असे विचारणारा फोन हमखास येतो.